टपाली चांदमारी

समोर कुणीही आलं की आमचे शेजारी रामजी हवालदार आधी डावा डोळा मिटत. सगळा जन्म पलटणीत गेलेला. माणूस असो की म्हैस, नेम धरल्याशिवाय त्यांना नीट दिसतच नसे. चाळीत नव्या आलेल्या एका सुनेकडे त्यांनी असंच पाहिलं, आणि संध्याकाळी तिचा नवरा बाह्या सरसावून दारात हजर. हवालदारांनी त्याच्याकडेही डोळा मिटून पाहिलं, तेव्हा कुठे बिचाऱ्याची समजूत पटली.

बंदुकांनी कान गेलेले, त्यामुळे बोलणं कवायतीच्या मैदानावरचं. "नेम चुकला तर चालंल, नियम चुकाय न्हाय पायजे!" हे वाक्य सोलापुरात निम्म्या पेठेला पाठ होतं.

त्यांचं वेड म्हणजे टपाली चांदमारी. ठासणीच्या जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांना ते काळा चांद काढलेला एकेक कागद पाठवीत. ज्यानं त्यानं आपल्याच गावी, दोन पंचांसमोर गोळी झाडायची आणि भोक पडलेला कागद टपालानं परत धाडायचा. मी गिरणीत कारकून, म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात. एका साली वैरागच्या पाटलांनी भोकच नसलेला कागद पंचांच्या सह्यांसकट पाठवला. हवालदार खूश झाले. "खरा मानूस! चुकला, पर नियमानं चुकला!"

एवढा खटाटोप कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. बार्शीचे तात्या त्यांच्याच पलटणीतले, जिवाभावाचे. पेन्शनीत आल्यावर दोघांनी मिळून एक रानडुक्कर मारलं आणि ते कुणाच्या गोळीनं मेलं यावरून बोलणं तुटलं. डुक्कर गेलं ते गेलं, वर दोस्तीही घेऊन गेलं. तेव्हापासून तात्या सोलापूरला यायचे नाहीत आणि हे बार्शीला जायचे नाहीत. पण वर्षातून एकदा बार्शीचा कागद यायचा, हवालदार तो दिवसभर निरखायचे आणि तात्यांना हटकून दुसरा नंबर द्यायचे. बाकीचे स्पर्धक म्हणजे पानातलं मीठ-लिंबू.

पुढे परवाने कडक झाले, कुणाकुणाच्या बंदुका सरकारजमा झाल्या, म्हातारे एकेक करून गेले. अशाच एका साली टपालवाल्याची वाट पाहून हवालदारांचं जेवण सुटलं. अखेर बार्शीचा कागद आला. भोक चांदाच्या अगदी मधोमध, कडेला काळा धूर.

"वा! तात्यांनी मैदान मारलं की!" मी त्यांच्या कानात ओरडलो.

हवालदारांनी भोकावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. तो त्यांनी नाकाशी नेऊन हुंगला.

"काजळ हाय," ते म्हणाले. "दारूचा धूर बंदुकीपाशीच ऱ्हातो. कागदापातुर जातंय ते शिसं, त्याची कड करडी असती. तात्याला हे ठावं हाय. ज्यानं कदी बंदूक धरली न्हाय, त्याचं हे काम."

"मग कुणी केलं?"

"वैनीनं. तात्याच्या घरात दुसरं हाय कोन?"

तात्या अंथरुणाला खिळलेत की गेलेच, हे कागदावरून कळायला मार्ग नव्हता. मी म्हणालो, "एकदा बार्शीला जाऊन या."

"गेलो तर कळंल की," ते म्हणाले. मग त्यांनी मला लिहायला बसवलं. "पयला नंबर, बार्शी."

पहिल्याला बक्षीस म्हणून दरवर्षी चादर जायची. या खेपेला दुकानात शिरताच ते म्हणाले, "चादर नगं. लुगडं दावा."

दुकानदारानं सरळच विचारलं, "बाई सवाशीण हाय का मागं राहिलेली? त्यापरमानं रंग काढतो."

हवालदार डावा डोळा मिटून लुगड्यांच्या थप्पीवर नेम धरून उभे. तो प्रश्न पुन्हा त्यांच्या कानात ओरडायचा मला धीर होईना. पण त्यांना ऐकू गेलं होतं.

"हिरवं," ते म्हणाले.

दुकानदारानं दोन-तीन लुगडी पसरली. हवालदारांनी प्रत्येकाचा पदर चिमटीत धरून चोळून पाहिला.

"पक्क्या रंगाचं द्या," ते म्हणाले. "लई वर्सं नेसायचंय तिला."