जीप भरेपर्यंत

भोयर सरांना मी भर स्टँडवर दलाल म्हणालो. घाईत होतो, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल, आणि ते फार थोडं आहे.

दारव्ह्याहून यवतमाळला जाणारी काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी रोज तिनं नोकरीवर जातो. भोयर सर रोज तिच्यात बसत, पण जात कुठेच नसत. मधली सीट, खिडकीची जागा, मांडीवर कापडी पिशवी. जीप भरत आली की उतरायचे, दारात उभ्या माणसाला "या, बसा" म्हणायचे आणि मागच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसायचे.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. एका वर्षी विषयाला एकही पोरगं आलं नाही, विषय बंद झाला. पण तरुणपणी एका जर्मन तत्त्ववेत्त्यानं त्यांना जे धरलं, ते सोडलंच नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं सर त्याचं नाव घेत नसत. 'माहा जर्मन' म्हणायचे.

"माहा जर्मन म्हन्ते, पाह्य, आपल्याले वस्तू दिसते थे आपल्या पाहन्यातून दिसते. थे मुळात कशी हाय, कोनाच्या बापाले मालूम नाही."

मांडीवर कोंबडी घेतलेली एक बाई म्हणाली, "मंग हे कोंबडी नाही काय?"

"हाय ना माय. पन तुले दिसते थे तुही कोंबडी. कोंबडी सोता कशी हाय, थे तुले कधीच दिसनार नाही."

बाईनं कोंबडीवर पदर ओढला आणि सरांपासून जरा सरकून बसली.

सरांचा खरा आवडता धडा वेळेचा. "जीप कवा सुटन?" असं कुणी विचारलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

"टाइम बाहेर नाही, बापू. थो आपल्या मनात हाय. चहा गाळनीतून येते, तसं जग आपल्यापाशी टाइमातून गाळून येते. बिनगाळलेलं जग कोनं पेलं?"

ड्रायव्हर परसराम बाहेरून ओरडायचा, "सर, गाळनीत अजून दोन सीट कमी हाय."

सगळे हसत. मी हसत नसे. मी घड्याळ पाहत असे. एकदा चिडून म्हणालो, "सर, एखाद्या दिवशी यवतमाळपर्यंत तरी या."

"माह्या जर्मननं जन्मभर आपला मुलूख सोडला नाही, अन् साऱ्या दुनियेचं सांगून गेला," सर म्हणाले. मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "मी त यवतमाळ पाह्यलं हाय."

त्या दिवशी साहेबांनी मला सकाळीच बोलावलं होतं. जीप सुटेना. सर वेळ मनात असते हे सांगत होते, आणि माझ्या मनात तर ती मावत नव्हती. मी सगळ्यांसमोर बोललो, "हे कुठंच जाणार नाहीत. गाडी भरलेली दिसावी म्हणून बसवलेले दलाल आहेत. फसवतात आपल्याला."

दोघं उतरून एसटीकडे गेले. एक म्हातारी म्हणाली, "काय बाप्पा, गुरुजी असून?"

सर पिशवी सावरत उतरले. "बरोबर हाय तुहं," मला म्हणाले. "तुले मी तसाच दिसनार."

मग ते यायचेच बंद झाले. आणि जीप आणखी उशिरा सुटू लागली. लोक रिकाम्या गाडीत डोकावायचे आणि पुढे जायचे. परसराम माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी मीच विचारलं, "सर का येत नाहीत?"

"तुमीच त हाकललं," तो म्हणाला. मग फडकं घेऊन काच पुसायला लागला. "सरांची बायको यवतमाळले दवाखान्यात होती. सर रोज माह्याच गाडीनं जात. येक दिवस फोन आला, लवकर या म्हून. गाडीत येकटे सर. मी म्हनलं, चला, रिकामीच गाडी नेतो. त म्हन्ते, नाही, भरू दे, तुहं पोट हाय. रिकाम्या गाडीत लोक चढत नाही, अन् पयल्या मानसालेच सर्व्यात जास्त थांबा लागते, भाऊ. गाडी भरली, पोचलो, त बाई गेलती."

तो फडक्यानं काच पुसत राहिला. "तवापासून सर सोता पयला मानूस होऊन बसत."

रविवारी मला सुट्टी असते. मी स्टँडवर गेलो आणि रिकाम्या जीपमध्ये, सरांच्या जागेवर बसलो. परसरामनं पाहिलं आणि तो 'यवतमाळ, यवतमाळ' असं ओरडू लागला. कुणीतरी डोकावलं, मला पाहून आत चढलं. मग आणखी एक जण चढला. बसून राहणं किती अवघड असतं ते मला पहिल्यांदा कळलं. दर मिनिटाला उतरावंसं वाटत होतं.

सर भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडून चालले होते. मी हाक मारली. ते खिडकीशी आले.

"कुठं चालला?"

"कुठंच नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत बसलेल्या दोघांकडे. मी खिडकीची जागा सोडून आत सरकलो.

"सर, मी तुम्हाला दलाल म्हणालो. चुकलं माझं. माफ करा."

सर आत चढले, खिडकीच्या जागेवर बसले आणि भाजीची पिशवी मांडीवर घेतली.