जावयाने आणलेलं विमान

पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात विमान आणायचं हितेंद्रने नवरात्रात ठरवलं. अख्खं नाही, नुसता त्याचा दांडा. कॉम्प्युटरला जॉयस्टिक जोडली की पडद्यावरचं विमान आपल्या हाताने उडतं आणि खाली खऱ्याखुऱ्या नद्या-डोंगर दिसतात, असं त्याला ऑफिसात कळलं आणि त्याच क्षणी त्याला सासरे आठवले. (अशा वेळी इतर नवऱ्यांना आणखी कोणी आठवत असेल, आपला हितेंद्र सरळ माणूस.)

सासरे म्हणजे तोताराम आबा, साक्रीचे शेतकरी. वय पंच्याहत्तर, तब्येत खणखणीत, आणि हौस एकच उरलेली: आपलं वावर एकदा वरून बघायचं. हितेंद्रचीही हौस एकच होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, आबांनी एकदा तरी 'वा जवाईबापू!' म्हणावं. पहिल्या दिवाळसणाला तो आबांच्या विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि अर्ध्या गावाची लाईट घालवून आला. तेव्हापासून आबा त्याला मानाने बसवत, पोटभर जेवू घालत, पण कशालाही हात लावू देत नसत.

दांडा ऐन दसऱ्याच्या सकाळी आला. पूजेला मांडलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, हा घरचा नियम, त्यामुळे जोडून बघायचं राहून गेलं. पूजा मात्र हितेंद्रने जातीने केली.

"नुसतं बोट टेकवून उरकायचं नाही," त्याने बायकोला बजावलं. "विमान आहे ते!"

कामिनीने ताम्हन त्याच्या हातात दिलं आणि ती पुरणाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आबा एसटीने आले. चहा घेतला, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि पडद्यासमोर बसले.

"चाला जवाईबापू, उडाडा."

हितेंद्रने ऐटीत दांड्याची पिन खोचली. 'हे उपकरण ओळखता येत नाही,' कॉम्प्युटर म्हणाला. त्याने दुसऱ्या भोकात खोचली. तिसऱ्यात खोचली. प्रिंटरची वायर उपटून तिच्या जागी खोचली. कॉम्प्युटर ओळख द्यायला तयार नव्हता. मग इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की जुने ड्रायव्हर काढून टाका. ते त्याने एवढ्या जोमाने काढले की माऊससुद्धा चालेनासा झाला.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, आबा."

"मंग दुसरा ड्रायव्हर बलावा."

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर माऊस शुद्धीवर आला, दांडा नाही. घामाघूम होऊन हितेंद्रने हेल्पलाइनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"सर, केबल का पिन साफ है?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

हितेंद्रला ते लागलं. "साफ? मॅडम, कल ही पूजा की है उसकी! हळद-कुंकू, अक्षता, सब डाला है!"



"कहाँ डाला है, सर?" बाईंनी जपून विचारलं.

कामिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने पिन खिडकीच्या उजेडात धरली. आत हळद-कुंकवाचा लेप वाळून घट्ट बसला होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा उभा रुतला होता.

"अहो, पिनेच्या तोंडातही घातलंत?"

"मनोभावे केली होती," हितेंद्र पुटपुटला.

तिने मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली, दाणा उपसला, लेप खरवडला, फुंकर मारली आणि दांड्याची पिन खोचली. कॉम्प्युटर टुंगकन वाजला. दांड्यावर निळा दिवा लागला.

हितेंद्रचा जीव भांड्यात पडला. लगेच त्याने धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान सोडलं. ते पट्टी संपेपर्यंत सरळ धावलं आणि पुढच्या शेतात नाक खुपसून थांबलं. दुसऱ्यांदा सोडलं, ते उजवीकडे वळून स्वतःभोवतीच फिरलं.

"बैल बिचकना का?" आबांनी काळजीने विचारलं. मग उठले. "सरका जवाईबापू."

आबांनी खुर्ची घेतली आणि ट्रॅक्टरचा गिअर धरतात तसा दांडा मुठीत धरला. विमान गुमान उडालं. आबांचे डोळे चमकले. "हाई ते पांझरा शे ना! पांझरा धरीसन गयं म्हंजे साक्री येसच." आणि खरंच, नदी धरून म्हातारा आपल्या गावावर जाऊन पोचला.

"कामिनी, दख! मनं वावर!" आबांनी पडद्यावर बोट ठेवलं. कामिनीने डोळ्यांना पदर लावला. खुर्चीमागे उभ्या हितेंद्रचा ऊरही भरून आला. आता आबा 'वा जवाईबापू!' म्हणणार, याची त्याला खात्री वाटली. त्याने शर्ट नीट केला.

आबांनी मोबाइल काढून साक्रीला आपल्या बायकोला, बेबाबाईंना फोन लावला.

"आयकस का वं, मी इमान चालाडं! हां, आपला वावरवरथीन! बिघडेल व्हतं, कामिनीनी दुरुस्त करं." मग पलीकडून जावई कुठे आहेत अशी विचारणा झाली. आबांनी मागे वळून जावयाकडे प्रेमाने पाहिलं.

"जवाई? शेतस ना आठेच," ते म्हणाले. "त्यासना घरनी खुर्ची भलती बेस शे."