आतली ओळख

गजभारे डॉक्टरांना तुम्ही बाजारात नमस्कार करा, ते तुम्हाला ओळखणार नाहीत. मान हलवतील, "बरं हाय ना?" म्हणतील आणि पुढं जातील. पण त्याच तुम्हाला पलंगावर आडवं करून पोटाला गार जेल लावलं, मशीन टेकवलं, की पडद्याकडं बघून म्हणतील, "अरे, शिंदेमामा तुमी. डावी किडनी जरा खाली असलेले. मागच्या साली आलते न्हवं?"

कळमनुरीत त्यांचं सोनोग्राफी-एक्सरेचं सेंटर आणि माझं ब्लाउज शिवायचं दुकान यांची भिंत एकच आहे. त्यामुळं हा माणूस मला रोज झेलावा लागतो. एकदा मी वैतागून म्हटलं, "डॉक्टर, लोकं नाराज होऊन राहिले. तोंड बघून ओळखत जा की जरा."

"ताई, तोंडं काय, सगळी सारखीच. दोन डोळे, एक नाक. आत बघा, कुणाचं कुणाला जुळत न्हाई."

मी स्वतः बायकांना मापावरून ओळखते. कुठल्या तोंडानं त्यांना हसू?

आमच्याकडं एक्सरेला अजून 'फोटू' म्हणतात. फोटू काढायचा म्हणून म्हाताऱ्या बाया माझ्या दुकानातल्या आरशात बघून कुंकू नीट करून जातात, आणि पलीकडून डॉक्टरांचा आवाज येतो, "आजी, हसू नका, श्वास धरा." सोनोग्राफी करताना तर त्यांचं तोंड मिटतच नाही. "लिव्हर बराबर. पित्ताची पिशवी बराबर. किडनी बराबर." ते बराबर ऐकता ऐकता पेशंटचं अर्धं दुखणं तिथंच जातं. आणि कुणाच्या पोटात काही जगावेगळं सापडलं, की दोन दिवस हा माणूस लग्नघरात असल्यागत फिरतो. एका मास्तरांना जन्मापासून एकच किडनी होती आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना चहा पाजला, वर अभिनंदन केलं. मास्तरांची झोप उडाली, आणि डॉक्टर मला विचारतात, "घाबरले काहून?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या पल्लवीचं पोट दुखायला लागलं. पल्लवी माझी मुलगी, बारावीला आहे. दुखणं डावीकडं, खाली. एका दवाखान्यात म्हणाले मुतखडा असेल, पाणी भरपूर प्या. पाणी पिऊन पिऊन पोरगी टेकीला आली. दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या. मी तिला धरून शेजारी नेलं.

डॉक्टरांनी मशीन टेकवलं. एकदासुद्धा बराबर म्हणाले नाहीत.

"काही बोला की," मी म्हटलं.

"ताई, हिचं लिव्हर डावीकडं हाय." त्यांनी छातीचा एक्सरे काढला. काळीज उजवीकडं. "आरशात बघितल्यागत सगळं उलटं. असं माणूस मी पुस्तकातच पाह्यलं होतं. त्याची काई तकलीफ नसते, आयुष्यभर कळत बी न्हाई. पण अपेंडिक्स बी उजवीकडचं डावीकडं गेलंय, अन् ते सुजलंय. फुटायच्या आत काढावं लागंल."

एवढी जगावेगळी पोरगी सापडली, पण डॉक्टरांच्या तोंडावर लग्नघर नव्हतं. त्यांनी नांदेडच्या सर्जनना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, "गजभारे, मशीन उलटं धरलंय का तुम्ही?"

डॉक्टरांनी बाकावरच्या लोकांना दुसरीकडं पाठवलं, शटर ओढलं आणि आम्हाला स्वतःच्या गाडीत घातलं. मी म्हटलं, "तुमी कशाला? रिपोर्ट द्या, आमी जातो."

"रिपोर्टवर भागायचं न्हाई. लोकं फिल्म सरळ करतात."

म्हणजे काय, ते मला नांदेडला गेल्यावर कळलं. तिथल्या ब्रदरनं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, काळीज उजवीकडं बघितलं, त्याला वाटलं चुकून उलटी लागली, आणि त्यानं ती फिरवली. डॉक्टरांनी परत लावली. ते सर्जनना शोधायला गेले तोवर एका सिस्टरनं येऊन पुन्हा फिरवली. भली माणसं, बिचारी चूक दुरुस्त करत होती. शेवटी डॉक्टर त्या पेटीपुढंच उभे राहिले. जो येईल त्याला सांगायचे, "हात लावू नका. फिल्म बराबर हाय, पोरगीच तशी हाय." पल्लवी तशा कण्हण्यातही फिस्कन हसली.

सर्जन आले. त्यांनी स्वतः मशीन लावून बघितलं, म्हणाले, "खरंच की हो," आणि पल्लवीला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर मी देवाचं नाव घेत बसले. शेजारी डॉक्टर, फिल्मचं रिकामं पाकीट मांडीवर घेऊन. थोड्या वेळानं मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं काम झालं. तुमी निघा आता."

"थांबतो," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "ताई, लोकं माझ्याकडून पाकीट घेऊन जातात. पुढं त्यांचं काय झालं, ते मला कळतच न्हाई. बरं झालेलं माणूस सोनोग्राफीवाल्याकडं कशाला येईल? रात्री जेवताना एखाद्याचं पोट आठवतं. घरी कुणी न्हाई, विचारावं तर कुणाला? एकाचं तरी शेवटपर्यंत बघू द्या."

मला रडू आलं. पल्लवीसाठी आलं की त्यांच्यासाठी, ते सांगता येणार नाही.

सर्जन बाहेर आले. अपेंडिक्स डावीकडंच होतं, फुटलं नव्हतं, पोरगी ठीक आहे म्हणाले. त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरांचं तिकडं लक्षच नव्हतं, ते दाराकडं बघत होते.

पल्लवी शुद्धीवर आली तेव्हा आम्ही दोघं आत गेलो. मी तिच्या उशाशी बसले. डॉक्टर पायथ्याशी उभे, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे. पल्लवीनं त्यांना बघितलं आणि जड जिभेनं म्हणाली, "डॉक्टर, आता दुखत न्हाई."

डॉक्टर वाकले. म्हणाले, "लेकरा, अजून एकदा सांग."