बिलकुल पेट्रोल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी म्हसोबाचा ओटा आहे. गंगाधरराव घरी परतताना आपली पांढरी गाडी तिथं थांबवतात, मान खाली घालतात, एक हात स्टिअरिंगखाली नेतात आणि मगच गल्लीत शिरतात. हे पाहून समोरच्या काकूंनी त्यांच्या भक्तीची कीर्ती अशी पसरवली, की म्हसोबाच्या जत्रेचं अध्यक्षपद बिनविरोध त्यांच्याकडे चालून आलं. त्यांनी ते घेतलंही. नाकारलं असतं तर मान कशासाठी खाली घालता, हे सांगावं लागलं असतं.

खरी गोष्ट अशी, की ती गाडी पेट्रोलवरही चालते आणि गॅसवरही, आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं बटण स्टिअरिंगखाली आहे. गॅसवर इंजिनाचा आवाज बदलतो आणि शेजाऱ्यांना तो ओळखू येतो, असा त्यांचा ठाम समज. म्हणून गल्लीत पेट्रोल, गल्लीबाहेर गॅस.

गंगाधरराव कृषी खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी ही गाडी घेतली. बाजारात ज्या छोट्या, स्वस्तातल्या एसयूव्ही निघाल्या आहेत त्यांतली एक. लांबून पाहिली तर आमदाराची वाटते, जवळून पाहिली तर आमदाराच्या मेहुण्याची. तिला ‘गाडी’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. “एसयूव्ही म्हणा, सर. गाडी बैलाची पण असते.”

मी इतिहास शिकवून निवृत्त झालो. बऱ्याच राजांचा थाट पुस्तकात पाहिला, पण स्वतःच्या वाहनाच्या इंधनाला इतका लाजणारा माणूस मला पुस्तकात सापडला नाही. गाडीत गॅसचा वास आला तर ते काच खाली करून पुढच्या टेम्पोला शिव्या घालतात. पुढे टेम्पो नसला तर मागच्या टेम्पोला. डिक्की ते कुणासमोर उघडत नाहीत, कारण स्टेपनीच्या जागी गॅसची टाकी आहे. एकदा माझं गव्हाचं पोतं त्यांनी बाजारातून आणून दिलं. ते पोतं मागच्या सीटवर पट्टा लावून बसलं होतं. “डिक्कीचं लॉक जाम झालंय,” ते म्हणाले. ते लॉक गाडी घेतल्यापासून जाम आहे.

कुणी विचारो न विचारो, ते सांगणार, “बिलकुल पेट्रोल. आपल्याला दुसरं चालतच नाही.”

गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मागच्या बंपरजवळ गॅस भरायचं तोंड आहे, ते शाळेत जाणाऱ्या पोरांनाही दिसतं. पण कुणी बोललं नाही. एवढा मोठा माणूस एवढ्या लहान गोष्टीसाठी एवढे कष्ट घेतोय, त्याचं मन कोण मोडणार?

इतकं लाजायचं होतं तर गॅस बसवलाच कशाला, हे मात्र मला कळत नव्हतं. दर रविवारी ते भोकरदनला जातात, एवढं माहीत होतं. “मीटिंग असते.” निवृत्त माणसाची, रविवारी, आणि भोकरदनला. मी पुढे विचारलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं भोकरदनला घर बांधलं. वास्तुशांत रविवारीच होती. सकाळी माझी एसटी चुकली आणि स्टँडच्या रस्त्यावर समोरून पांढरी एसयूव्ही आली. मी हात केला. गंगाधररावांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं मी लिफ्ट न मागता किडनी मागितली. पण नाही म्हणायची त्यांना सवय नाही. राजूर येईपर्यंत ते खतांच्या भाववाढीवर बोलत राहिले. माझं लक्ष त्या बटणाकडे होतं. त्यावर रुमाल टाकलेला होता.

मला विद्यार्थ्याच्या दारात सोडून ते मीटिंगला गेले. “तुम्ही एसटीनं परता सर. माझं लांबेल.”

जेवण उरकून मी स्टँडकडे निघालो. मोंढ्यामागच्या आळीत पत्र्याच्या एका घरासमोर एसयूव्ही उभी. ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीत मंडळ अधिकारी गंगाधरराव हात मांडीवर ठेवून बसलेले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. दाराशी बाजेवर एक म्हातारे गृहस्थ सुपातल्या शेंगा सोलत होते. मला पाहून गंगाधरराव उठले आणि काय करावं न कळून पुन्हा बसले.

आतून एक बाई आल्या. “या की वर. साहेबांच्या संगं आल्ते का? बसा, चहा ठेवते. मी साहेबांची वहिनी. हे मोठे भाऊ.”

“मीटिंग,” मी म्हणालो. म्हणायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं.

“कशाची मीटिंग?” वहिनी हसल्या. “दर ऐतवारी येतेत. ह्यांना म्हणतेत, चला जालन्याला, आमच्या घरी चला. हे न्हाई म्हणतेत. मंग साहेब चहा पिऊन जातेत. एवढीच मीटिंग.”

“एकदा पण आले नाहीत?” मी विचारलं.

भाऊंनी शेंग फोडली. “घर मोठं हाय म्हणं साहेबाचं. आपुन बाहेरून पाह्यलं हाय.”

“सांगू का?” वहिनी म्हणाल्या. गंगाधररावांनी मान खाली घातली. “ह्यांची काळीपिवळी जीप होती, वडापची. भोकरदन-जालना. घरचा सिलिंडर लावून चालवायचे. सगळ्या अंगाला वास. त्याच गाडीच्या कमाईवर साहेब शिकले. लग्न ठरलं तवा साखरपुड्याला आम्ही समदे त्याच काळीपिवळीत गेल्तो. ते लोकं नोकरदार, बंगलेवाले. सासऱ्यानं इचारलं, हे कोण? साहेब म्हणले, डायवर हाय.”

आळीत शेळ्या चालल्या होत्या. गंगाधरराव त्यांच्याकडे पाहत राहिले.

“जेवण बाहेर पाठवलं होतं,” भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “चांगलं होतं. जिलेबी होती.”

“दादा, किती वेळा...” गंगाधररावांचा साहेबी आवाज कुठं गेला होता कोण जाणे. “किती वेळा माफी मागू राह्यलो मी.”

“माफी कशाला साहेब? खोटं काय बोलले तुम्ही? डायवरच होतो.” भाऊंनी हात झटकले आणि गाडीकडे पाहिलं. नाक जरा वर केलं. “गॅसवर हाय का ही?”

इतक्या वर्षांत भावानं त्यांना बहुधा पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

“न्हाई न्हाई,” गंगाधरराव घाईनं म्हणाले. “बिलकुल पेट्रोल.”

भाऊ हसले. “बराबर हाय. साहेबाला गॅस शोभत न्हाई. अर्धी जिंदगी त्या वासात काढली म्हणून वाटलं.” आणि शेंगांचं सूप घेऊन ते आत गेले.

परतीला गंगाधररावांनी मला गाडीत घेतलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं मला वाटलं. त्यांना वाटलं नसावं. रुमाल बटणावरच होता.

थोडं पुढे आल्यावर गाडीनं आचके दिले. गॅस संपला होता, आणि पेट्रोलचा काटाही तळाला. ज्या पेट्रोलच्या नावानं ते शपथा घेत, ते फक्त म्हसोबापासून घरापर्यंत पुरेल एवढंच टाकीत असायचं. कसंबसं रस्त्याकडेच्या गॅस पंपावर आलो. रिक्षांची रांग होती. गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांना उतरावं लागतं, हा तिथला कडक नियम. रिक्षातली पाहुणे मंडळी, पोरंबाळं, एक नवरी, सगळे कडेला उभे होते. गंगाधरराव काचा लावून बसले. घाम येत होता.

आमचा नंबर आला. पंपावरच्या बाईंनी ओळखीचं हसून माझ्या बाजूचं दार उघडलं. “आले का मोठे भाऊ! बरं झालं बाई. साहेब दर ऐतवारी म्हणतेत, पुढच्या टायमाला दादाला घेऊन येतो. उतरा दादा, गॅस भरायचाय.”

माझे केस पांढरे. तिची चूक नव्हती. मी भित्र्या माणसासारखा नमस्कार केला आणि उतरलो. सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. गंगाधरराव गप्प राहिले असते तर काही बिघडलं नसतं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही.

ते उतरले. रांगेकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं.

“न्हाई बाई,” ते म्हणाले. “हे आमचे शेजारी. दादा न्हाई आले. येत न्हाईत ते. मी त्यांना लोकांसमोर डायवर म्हणलो होतो.”

बाईंनी नळी लावली. “मंग? डायवर काय शिवी हाय का? आमचे मालक डायवरच हायेत.”

“तेच,” गंगाधरराव म्हणाले. “तेच कळलं न्हाई.” रिक्षावाले ऐकत होते. एकानं तंबाखू मळायची थांबवली. गंगाधररावांचे कान लाल झाले होते, पण ते तिथून हलले नाहीत.

गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. “सर, घाई हाय का तुम्हाला?”

“नाही.”

त्यांनी गाडी उलटी वळवली.

पत्र्याच्या घरापाशी पोचलो तेव्हा भाऊ ओट्यावर आले होते. इंजिन चालू ठेवूनच गंगाधरराव खाली उतरले. ओट्याच्या पायरीपर्यंत गेले आणि वर न चढता तिथंच उभे राहिले.

“दादा, गॅसच हाय,” ते म्हणाले. “मंघाशी खोटं बोललो. दर ऐतवारी येणं पेट्रोलवर झेपत नव्हतं, म्हणून बसवला. भोकरदनसाठीच बसवला. अन् वास येतो म्हणून लपवत होतो.”

शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. भाऊ बराच वेळ गाडीचा आवाज ऐकत राहिले. मग बाजेखाली वाकून पाहिलं, आणि वहिनींना म्हणाले, “माझी चप्पल कुठं ठिवली?”