आत्याबाईंचे संवर्धन

डोंगरी मेंढीची जात नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याचे संवर्धन खात्याच्या लक्षात आले, तेव्हा त्या जातीच्या बेचाळीस मेंढ्या डोंगरावर निवांत चरत होत्या. पाहणीला आलेला अधिकारी मात्र हातमोजे घालूनही कुडकुडत होता.

"कुंपण कुठंय?" त्याने मेंढपाळ बाईला विचारले.

"कुंपण कशाला? आमची आत्याबाई आहे ना!"

आत्याबाई म्हणजे कळपातली सगळ्यात जुनी मेंढी. साऱ्यांना दटावायची, म्हणून हे नाव. कड्यापाशी ती वळली की कळप वळे. बर्फ येण्याआधी कोणत्या खडकाआड शिरायचे, हे तिला तिच्या आईने दाखवले होते, आणि कोकरे ते तिच्यामागून चालून शिकत. अधिकाऱ्याने कुंपणाच्या रकान्यात लिहिले : 'एक, लोकरीचे.'

मग जातीच्या शुद्धतेची तपासणी झाली. आत्याबाईला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले आणि तिथेच तिचे ग्रह फिरले. इतका शुद्ध नमुना उघड्यावर ठेवणे नियमात बसेना. तिला शहरातल्या संवर्धन केंद्रात हलवण्याचा आदेश निघाला. तिथे हीटर होता. थंडी सोसण्याचा दुर्मीळ गुण थंडीत वापरून संपवू नये, असे तज्ज्ञांचे मत पडले.

"साहेब, ती गेली तर बाकीच्यांना वाट कोण दाखवणार?"

"अहो, एवढा मान मिळतोय तिला, आणि तुम्ही वाटेचं काय घेऊन बसलात?"

आत्याबाईला नेल्यावर आठवड्यात तीन मेंढ्या कड्यावरून पडल्या. बाईने अर्ज केला. खात्याने तत्परतेने कड्यावर पाटी लावली : 'येथून पुढे मेंढ्यांनी जाऊ नये.' मेंढ्यांनी पाटीला अंग घासले आणि त्या पुढे गेल्या. लाभार्थ्यांमध्ये जागृतीचा अभाव असल्याचा अहवाल आला. पहिला बर्फ पडला तेव्हा खडक हाकेच्या अंतरावर होता, पण कळप उघड्यावरच उभा राहिला. बाईने हाकलले, ओढले, हातापाया पडली. एकोणीस मेंढ्या वाचल्या.

तेव्हा बाई केंद्रात गेली. काचेआड शाम्पूने धुतलेली आत्याबाई गालिच्यावर चालत होती. मागे केंद्रातच जन्मलेली दोन कोकरे होती. भिंतीपाशी ती वळे, की कोकरेही वळत.

"आत्याबाई!" बाईने काचेवर थाप मारली. आत्याबाईने मान वर केली, चार पावले तिच्याकडे आली आणि नेहमीच्या जागी वळली.

"बघा," अधिकारी कौतुकाने म्हणाला, "परंपरा जशीच्या तशी उतरलीय!"

"साहेब, एकोणीसच उरल्यात. त्या जगवायच्या तर ही हवी. द्या हो परत."

"एकोणीस?" अधिकारी गंभीर झाला. "म्हणजे जात आता अतिदुर्मीळ झाली. आता तर मुळीच देता येणार नाही."

बाई काचेला टेकून रडू लागली. मागे फोटोसाठी रांग खोळंबली होती. कोणीतरी म्हणाले, "ताई, जरा बाजूला होता का? मेंढी दिसत नाहीये." ती बाजूला झाली.

फोटो छान आला आहे. तुम्हीच तर पाठवलात मला, खाली 'आपला वारसा जपू या' असे लिहून. कडेला बाईचा खांदा येत होता, तेवढा भाग तुम्ही कापलात, ते बरे केलेत.