आप्पांच्या परसातली पाहुणी

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाली आणि लग्न ठरलं. कोणी हे वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

आमच्या शेजारचे आप्पा झाडाला पाणी घालायच्या आधी त्याची चौकशी करायचे. हातात तांब्या घेऊन झाडासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "कुणापैकी गं तू?"

सोयरीक जुळवताना विचारतात ना, अगदी तसं. माणसांनाही ते हेच विचारत. निपाणीत नवा मास्तर येवो, गाडीवान येवो, आप्पांचा पहिला प्रश्न तोच. एकदा परसात चुकून शिरलेल्या शेळीलाही त्यांनी विचारलेलं मी ऐकलं आहे. पण माणसांच्या उत्तरावर त्यांचा भरवसा नसे. "मानूस आडनाव बदलंल," ते म्हणत, "झाड पान बदलत न्हाय."

आप्पा जैन, तंबाखूचे जुने व्यापारी. पान चुरगाळून नाकाशी धरलं की ते कुठल्या शिवारातलं, हे सांगायचे. पुढे लेकाने वाटणी घेतली आणि तो हुबळीला गेला. आप्पांची बायको त्याआधीच वारली होती. ते स्वतः स्वयंपाक करत, पाणी गाळून पीत, दिवस मावळायच्या आत जेवून घेत. आमच्या कट्ट्यावर तासभर बसत, पण उंबऱ्याच्या आत पाण्याचा घोटही घेत नसत.

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. वडीलधाऱ्या पुरुषापुढे तोंड उघडायची मला सवयच नव्हती. काही सांगायचं असलं तर कमळीकरवी सांगायची.

कमळी माझी सहा वर्षांची लेक. पेरलं ते उगवतं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं आणि तिने ते फारच मनावर घेतलं होतं. आमच्या परसात फरशी, म्हणून तिने आप्पांच्या परसात, विहिरीजवळ वाफा केला. त्यात एक चिंचोका, तिच्या वडिलांच्या सदऱ्याचं बटण, पेन्सिलीचा तुकडा, फुटकी बांगडी आणि माझ्या चुलीजवळच्या केराच्या टोपलीतलं काय काय पुरलं. पंधरवड्यात त्यातलं एक उगवलं.

"बटनच हाय ते, आई," ती म्हणाली. "पानं गोल हैत बघ."

आप्पा तांब्या घेऊन बसले. "कुणापैकी गं तू?" पान उलटून पाहिलं, हुंगलं, आणि म्हणाले, "तंबाखूच्या भावकीतली हाय. पर लांबची." पुढे जांभळट पांढरी फुलं आली, मधे पिवळा ठिपका. तेव्हा त्यांनी नवं नातं जोडलं. "माहेर वांग्याचं, आजोळ तंबाखूचं. घराणं चांगलं हाय, तंगी." कमळीला ते कानडीत तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण.

"पर नाव काय हिचं?"

घराणं कळलं, पण नाव काही सापडेना. शेतकऱ्याला विचारावं, तर आप्पांना एक झाड ओळखता आलं नाही हे गावभर व्हायचं. म्हणून कुणी परसात आलं की ते झाडावर डालगं उपडं घालत. "पोरगी लाजती जरा," असं म्हणत. मी खानापूरकडची, भाताच्या शिवारातली. मलाही ते झाड ओळखू येईना. पण वाफ्याला शेणखत पडत गेलं आणि झाड असं काही माजलं की पुढे ते डालग्यात मावेना. एक दिवस आप्पांनी त्याचं फूल बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, नेऊन देवालाही वाहिलं.

एका सकाळी कमळीने त्यांना विचारलं, "आप्पा, तुमी आमच्या घरी का जेवत न्हाय?"

"तुमच्यात जमिनीखालचं शिजतंय, बाळ. कांदा, बटाटा. आमाला चालत न्हाय."

"आन् माझ्या झाडाला वांगी लागल्यावर?"

आप्पा हसले. "मग येतो की. तुझ्या झाडाला जे लागंल त्येची भाजी कर. नव्या मडक्यात, दिवस मावळायच्या आत. आप्पा जेवायला हाजीर."

झालं. कमळीने वडिलांचं डोकं खाऊन कुंभाराकडून मडकं आणवलं. रोज शाळेत जाताना झाडाला काही लागलं का बघून जायची. गल्लीत कुणी भेटलं की "आप्पा आमच्या घरी जेवणार हैत" असं सांगायची.

"लेक सांगून थकला, सून सांगून थकली," तिचे वडील म्हणाले. "आप्पा कुठं जेवत न्हाईत. उगं पोरीला आशा लावून ठिवलीया."

पण कमळीला हे एवढं का हवं होतं, ते मला ठाऊक होतं. एकदा ती त्यांच्या घरात डोकावली होती आणि परत येऊन तिने मला विचारलं होतं, "आई, आप्पा भिंतीकडं तोंड करून का जेवत्यात गं?"

मग एकदा रात्रभर पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी कमळी शाळेत होती आणि मी विहिरीवर पाणी ओढत होते. आप्पा वाफ्याशी बसले होते. वाफ्याची कड वाहून गेली होती आणि झाडाच्या मुळाशी काहीतरी गोल, पिवळसर दिसत होतं.

"अय्यय्यो," ते स्वतःशीच म्हणाले. "आता हे कुणापैकी म्हनायचं?"

मी वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बटाटा हाय, आप्पा."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले, ते हे.

आप्पांनी हात मागे घेतला. "माझ्या परसात?" म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "शेन घातलं मी हिला." मग एकदम आठवून, "देवाला वाह्यलं की." मग बराच विचार करून, "फूल वरचं हाय. फुलाला काय दोष न्हाय."

मला वाटलं, आता उपटून टाकतील. त्यांनी दोन्ही हातांनी माती ओढली आणि तो बटाटा नीट झाकला. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात तसा.

कमळी शाळेतून आली आणि तिला कळलं. तिने दप्तर टाकलं आणि ती थेट झाड उपटायलाच धावली. "न्हाय पायजे मला. आता आप्पा जेवणार न्हाईत."

"ऱ्हाऊ दे, तंगी," आप्पा म्हणाले. "ह्या एका कंदात मोजता येनार न्हाईत इतके जीव नांदत्यात. म्हनून आमी खात न्हाय."

कमळीने डोळे पुसले. "एवढ्याशा घरात?"

"व्हय. भांडत न्हाईत, वाटन्या करत न्हाईत." त्यांनी मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. "माझ्या सा खोल्यांत उंदीर बी ऱ्हाईना. त्या जिवांचं घर मोडू नगं."

कमळीने झाड सोडलं, पण मडकं पोटाशी धरून ती संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बसून होती.

दुसऱ्या दिवशी, उन्हं अजून कट्ट्यावर होती तेव्हा, दारात आप्पा उभे. एका हातात गाळलेल्या पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात आपल्या वेलावरचा दोडका.

"नवं मडकं आनलंय म्हनं," ते चौकटीकडे बघत म्हणाले. "वाया कशाला घालवायचं?"

मी चूल सारवून पेटवली. मडक्यात दोडका शिजवला, कांद्या-लसणाशिवाय. भाकरी थापल्या. कमळीने पाट आणला आणि शहाण्या पोरीसारखा भिंतीकडे तोंड करून मांडला. आप्पा तसेच जेवतात, हे तिला माहीत होतं ना.

आप्पा पाटाकडे बघत क्षणभर उभे राहिले. मग वाकून त्यांनी तो उचलला, आमच्याकडे तोंड करून ठेवला, आणि बसले.