सावळाकाकांच्या कानातली टाकी

भर रस्त्यात उकिडवं बसून, लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर आणि दुसरं डाव्या कानाला लावून डोळे मिटलेला माणूस दिसला, तर आमच्या गावात कुणी चौकशी करत नसे. ते सावळाकाका असत. मंचरजवळच्या आमच्या गावात नळाचं पाणी तेच सोडायचे. पाइप जमिनीखाली कुठं फुटलाय, हे ते असं ऐकून शोधायचे. मग बोट दाखवून म्हणायचे, "हितं खना." तिथं पाणी निघायचंच. लहानपणी मला ते जादूगार वाटत. खरं सांगायचं तर अजूनही वाटतात.

"दाब बघा, दाब!" हे त्यांचं पालुपद. नळाची धार बारीक झाली की दाब कमी, आणि कुणाचा जावई रुसला की "दाब वाढला आसंल."

दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या दारात सळई लावली आणि दचकले. "फुटलाय. लई मोटा!"

खणलं. कोरडी माती. पलीकडं खणलं, तिथंही कोरडीच. दोन दिवसांत आळीत सहा खड्डे झाले. आई म्हणाली, "भावजी, पाइप शोधताय का हीर पाडताय?" सातव्या खड्ड्याशी काकांनी सळई खाली ठेवली, तरी आवाज थांबेना. तेवढ्यात त्यांना गरगरलं आणि ते मातीच्या ढिगावरच आडवे झाले.

नारायणगावच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी पारावर ते सगळ्यांना समजावलं. "कानाच्या आत टाकी हाय, राव. पानी तितंच तयार व्हतं आन् मागच्या पिशवीतनं तितंच निघून जातं. निचरा तुंबला की दाब वाढतो. मंग कान गरजतो आन् गाव फिरतं. मीठ खाल्लं की आनखी फुगतं." बोलताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की दुखणं दुसऱ्याचं वाटावं!

तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत ते लोणचं-पापड परत करत आणि वाढप्याला विचारत, "भाजीचा दाब किती?" चक्कर आली की असतील तिथं आडवे होत. "वॉल बंद! तासभर कुनी हलवू नका." लोक हसायचे. मीही हसलो.

पण डावा कान मंद होत गेला. पाणी सोडायला दुसरा माणूस आला. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सासरी. गेल्या महिन्यात मी पुण्याहून गावी गेलो, तर काका ओट्यावर एकटेच बसले होते.

"हिकडं ये," ते हळूच म्हणाले. "माज्या कानाला कान लाव. आवाज येतो का बघ. डॉक्टर म्हनला, दुसऱ्याला येत न्हाई. पन तू बघ."

इतक्या वर्षांत काकांनी कुणाला काही ऐकायला सांगितलं नव्हतं. मी वाकलो आणि त्यांच्या डाव्या कानाला कान टेकवला. त्यांच्या गालाचे खुंट टोचले. बाकी काहीच नव्हतं.

"येतोय, काका," मी म्हणालो. "बारीक येतोय."

"बारीक कुटला? मोटा हाय," त्यांनी जुन्या रुबाबात मला सुधारलं. मग माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "पन येतोय ना? मंग बरं. आजपातुर एकलाच ऐकत व्हतो."